कांदा, शेजारी देश आणि रात्रीतून येणारी बंदी

निफाडची_लेक | शनिवार, रात्री ९.१०

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. माळा आवरताना अण्णांची कांद्याची वही सापडली. शंभर पानी वही, कव्हरला तेलाचे डाग, आत हिशोबपट्ट्या टाचणीने लावलेल्या. बहुतेक लासलगाव आणि विंचूरच्या कांदा बाजारातल्या, मधेच एखादी पिंपळगावची. वजन, भाव, हमाली, तोलाई, आणि सगळ्यात खाली हातात पडलेली रक्कम. अण्णांना पट्टीच्या मागे पेन्सिलने एखादा शब्द लिहायची सवय आहे. "गारा". "डिझेल वाढलं". "माल ओला". पानं उलटत गेले तसं दिसलं की थोड्या थोड्या वर्षांनी तिथे एकच शब्द येतो: "बंदी".

२९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. आणि ७ डिसेंबर २०२३ च्या तारखेची पूर्ण बंदी.

परराष्ट्र धोरणावरचे इथले धागे मी वर्षानुवर्षं वाचते आहे. चीनची सीमा, रशियाचं तेल, अमेरिकेचे आयात कर, सगळं असतं. कांदा मात्र "शेती" या सदरात टाकला जातो. आमच्या घरापुरतं सांगायचं तर परराष्ट्र धोरण आमच्या ट्रॉलीच्या फाळक्याशी येऊन थांबतं, म्हणून हा धागा मुद्दाम इथे काढते आहे.

त्या डिसेंबरात मी गावी होते. २६ नोव्हेंबरला गारपिटीने निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या होत्या. आमचीही बाग गेली. हाताशी उरला तो लाल कांदा. सात तारखेला दिवसभर बायकांनी कांदा कापला, निवडला, रात्री अकरापर्यंत ट्रॉली भरली, वर ताडपत्री बांधली. पहाटे चारला अण्णा आणि मी निघालो. बाजार समितीच्या गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग नेहमीसारखीच, चहाची गाडी, शेकोट्या. साडेसातच्या सुमाराला एकेकाचे फोन वाजायला लागले.

लिलाव पुकारला गेलाच नाही. व्यापारी आले, ट्रॉलीला हात न लावता परत फिरले. पुढच्या ट्रॅक्टरवरच्या एका मुलाने फोनवर अधिसूचना उघडली. इंग्रजीत होती, मला वाचायला दिली. मी वाचून सांगत गेले: ३१ मार्च २०२४ पर्यंत कांदा बाहेर जाणार नाही. ज्या जहाजावर माल चढायला सुरुवात झाली आहे त्याला सूट. दुसऱ्या देशाच्या सरकारने विनंती केली आणि आपल्या सरकारने परवानगी दिली, तर त्या देशाला सूट.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्यासाठी काय लिहिलंय?"

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. जहाजासाठी एक कलम होतं. परक्या सरकारसाठी एक कलम होतं. गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी त्यात काहीच नव्हतं.

लाल कांदा ठेवता येत नाही, हे इथल्या शहरी मंडळींसाठी सांगते. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. लाल कांद्यात पाणी जास्त, पंधरा-वीस दिवसांत कोंब येतो नाहीतर सड लागते. म्हणजे भाव पडला म्हणून थांबायची सोय नाही. आमच्या वहीत ४ डिसेंबरची पट्टी क्विंटलला ३६५० ची आहे. बाजार पुन्हा सुरू झाल्यावरची २०८० ची. जानेवारीच्या शेवटची ११९०. तोच वाफा, तेच बियाणं, तीच माणसं.

नंतर देशांची यादी येत गेली. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५०,००० टन, संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन. भूतानला ५५०, बहरीनला ३,०००, मॉरिशसला १,२००. एप्रिलमध्ये मालदीवला वर्षभरासाठी ३५,७४९ टन. बहुतेक माल एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत गेला. विक्रीचा भाव वाटाघाटीने ठरला आणि इथली खरेदी सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याकडून झाली.

शेजाऱ्याशी मैत्री ठेवू नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. शेजाऱ्याला रस्ता बांधून दिला, कर्ज दिलं, तर तो पैसा तिजोरीतून जातो आणि अर्थसंकल्पात दिसतो. कांद्याने केलेली मैत्री कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. ती अण्णांच्या वहीत दिसते, ३६५० आणि ११९० यांच्या मधल्या जागेत. सरकारने हे हत्यार वापरावं की नाही, आणि वापरलं तर त्याची किंमत कोणी द्यावी? मनापासून बोला. विरोधी मतंही हवी आहेत.


गिरणगावकर | शनिवार, रात्री १०.०२

ताई, वाचून वाईट वाटलं, तरी मला पूर्ण पटलेलं नाही. माझी आई परळला खानावळ चालवायची. पन्नास-साठ डबे. कांदा महागला की पहिली कात्री तिच्या पोटाला, कारण डब्याचा दर मधेच वाढवता येत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी आमच्या भाजीवाल्याकडे कांदा सत्तर-ऐंशी रुपये किलो होता. खानावळीत जेवणारे कोण? सुरक्षारक्षक, कुरिअरवाली पोरं, बांधकामावरचे मिस्त्री. ज्याचं जेवण कांदा-भाकरीवर निघतं त्याने काय करायचं?

१९८० ची लोकसभा निवडणूक कांद्यावर गाजली, १९९८ ला दिल्ली राज्यातलं सरकार कांद्याने घालवलं. उगाच नाही. पोटाचा प्रश्न आला की सरकारने आधी आपल्या माणसाचं ताट बघावं आणि मग बाहेरच्याचं. बंदी रात्रीतून आणावी लागते, कारण आधी सांगितलं तर साठेबाज आठ दिवसांत माल बाहेर काढतील.


निफाडची_लेक | शनिवार, रात्री १०.३५

दादा, तुमच्या आईचा प्रश्न खरा आहे, तो मी बाजूला सारणार नाही. फक्त एक हिशोब मांडते. चार माणसांच्या घराला महिन्याला पाच किलो कांदा धरा. किलोला चाळीस रुपये जास्त गेले तर महिन्याला दोनशे. आमची ट्रॉली अठ्ठावीस क्विंटलची. भाव दीड हजाराने पडला की एका ट्रॉलीला बेचाळीस हजार जातात. असे घाव मोजक्या घरांवर पडतात, म्हणून त्यांचा आवाज लहान.

आणि तुमच्या आईसाठी उपाय नव्हता असं नाही. ऑगस्ट २०२३ पासून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी खरेदी-विक्री संस्थांच्या गाड्या २५ रुपये किलोने कांदा विकत होत्या. त्याचा तोटा तिजोरीने सोसला, म्हणजे सगळ्या देशाने मिळून. तो मार्ग मला मान्य आहे. त्या गाड्या परळच्या खानावळींपर्यंत पोचायला हव्या होत्या. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून त्याला मदत करायची आणि त्या मदतीचे पैसे दुसऱ्या गरिबाच्या खिशातून काढायचे, एवढंच मला चुकीचं वाटतं.


उरणचा_वारा | शनिवार, रात्री ११.२०

मी न्हावा शेवाला क्लिअरिंग एजंटकडे अकरा वर्षं होतो. बंदराच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

१९ ऑगस्ट २०२३ चा शनिवार. संध्याकाळी शुल्काची बातमी आली तेव्हा आमचे कांद्याचे कंटेनर तीन ठिकाणी होते. काही यार्डात सील होऊन, काही गेटच्या रांगेत, काही नाशिकहून घाटात. यार्डातल्या थंड कंटेनरला वीज लावून ठेवावी लागते आणि त्या प्लग-इनचं भाडं दिवसावर चढतं. कोलंबोच्या गिऱ्हाइकाने भाव पंधरा दिवस आधी पक्का केलेला. आता ४० टक्के कोण भरणार? निर्यातदार म्हणतो मी भरून मेलो. गिऱ्हाईक म्हणतो माझ्या कागदावर जुना भाव आहे. तोवर आत कांदा घाम सोडतोय.

रविवार, सोमवार, मंगळवार. कंटेनर उघडला की आधी वास येतो, मग गोणीच्या तळाशी काळं पाणी दिसतं. आम्ही माल परत नाशिकला पाठवलाही, त्याचं जाण्या-येण्याचं भाडं अंगावर. आमच्या एका ओळखीच्या निर्यातदाराने त्या वर्षानंतर कांदा सोडला, आता केळी पाठवतो.

गिरणगावकर म्हणतात तसं साठेबाज पकडायला रात्रीचा निर्णय लागतो. असेल. पण त्या रात्री सापडले ते साठेबाज नव्हते. ज्यांनी माल विकून झाला होता, कागद पूर्ण होते, तेच सापडले.


देरा_दुबई | रविवार, सकाळी ७.४५

मी इथे दुबईत किराणा घाऊक दुकानात खरेदी बघतो. गिऱ्हाईक भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, फिलिपिनो, सगळेच. २०१९ पूर्वी आमच्याकडे कांदा म्हणजे नाशिकचा, दुसरा शब्दच नव्हता. लाल जाळीच्या गोण्या यायच्या, तिखट वास दुकानभर. बंदीच्या महिन्यांत पाकिस्तानी आला, इजिप्तचा आला, तुर्कस्तानचा आला, चीनचा मोठा गोळा आला. पहिले काही दिवस बायका परत आणून द्यायच्या, "हा गोड लागतो, फोडणीत रंग येत नाही." मग सवय झाली.

बंदी उठल्यावर नाशिकचा परत आला आणि आजही आमच्याकडे आहे. फरक एवढाच की आता मालक एकाच देशावर ऑर्डर ठेवत नाही. दोन जागी ठेवतो. त्याला कारण विचारलं तर तो राजकारण सांगत नाही, तारखा सांगतो. निफाडच्या ताईंच्या वहीतल्याच तारखा.


सीमापार | रविवार, सकाळी ९.३०

चांगला धागा. मी भारत-बांगलादेश संबंधांचा अभ्यास करतो, थोडं सविस्तर लिहितो.

२०१९ ची बंदी सप्टेंबरच्या शेवटी आली आणि चार-पाच दिवसांतच शेख हसीना दिल्लीत आल्या. ४ ऑक्टोबरला उद्योजकांच्या बैठकीत त्या हिंदीतून बोलल्या, की मी स्वयंपाक्याला सांगितलंय, कांद्याशिवाय जेवण कर. आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सभागृहात लोक हसले. पण तक्रार खरी होती: बंदी घाला, पण आधी सांगा. २०२० मध्ये पुन्हा तेच झालं. सीमेवर कांद्याचे ट्रक अडकले. ढाक्याने लेखी चिंता कळवली आणि आधीच्या बोलण्यांची आठवण करून दिली. मग अडकलेल्या मालासाठी भारताने २५,००० टनांची सूट दिली. डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशाने कांद्यासकट काही जीवनावश्यक मालासाठी वार्षिक कोटा मागितला, म्हणजे ठरलेला आकडा आणि त्यात मधेच बदल नको. विचार करा, त्यांची मागणी आणि निफाडच्या शेतकऱ्याची मागणी अक्षरशः एकच आहे.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू मालदीवची, आणि इथे मी धागाकर्तीशी सहमत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मालदीवला कांद्याबरोबर तांदूळ, पीठ, साखर, बटाटे, अंडी, बांधकामाची खडी आणि वाळूसुद्धा मंजूर झाली. १९८१ च्या करारापासूनचे हे सर्वात मोठे आकडे होते. तेव्हा तिथे "इंडिया आउट" म्हणत निवडून आलेलं सरकार होतं आणि आपल्या सैनिकांना १० मेपर्यंत बेटं सोडायची होती. अशा वेळी किराणा तोडणं सोपं होतं. भारताने तोडला नाही. त्याच वर्षी तिथले राष्ट्राध्यक्ष मुइज्जू जूनमध्ये आपल्या पंतप्रधानांच्या शपथविधीला आले, ऑक्टोबरमध्ये अधिकृत दौऱ्यावर आले. बेटावर कांदा पिकत नाही. शेजाऱ्याच्या सामान्य माणसाचं ताट आपण भरलेलं ठेवलं, याला मी उत्तम परराष्ट्र धोरण म्हणतो.


निफाडची_लेक | रविवार, सकाळी १०.१५

मालदीवचं मला पटलं, अगदी मनापासून. मी ते वेगळ्या नजरेने बघत होते. पण मग पुढचं पाऊल टाकू या ना. हे परराष्ट्र धोरण असेल तर त्याचा खर्च परराष्ट्र खात्याच्या रकान्यात दिसू दे. ज्या दिवशी बंदी येईल त्या दिवसाचा भाव आणि नंतरचा भाव यातला काही हिस्सा, पट्टी दाखवली की, खात्यावर यावा. देशासाठी जमीन घेतात तेव्हा मोबदला देतात, निदान द्यावा असा कायदा तरी आहे. देशासाठी पीक घेतलं तर?


लाल_बिल्ला | रविवार, दुपारी १२.४०

लेकी, तुझी तळमळ कळते. पण मोबदला मागितलास तिथे मला थांबवंसं वाटलं.

मी १९८० साली अठरा वर्षांचा होतो. नोव्हेंबरात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखली तेव्हा खेरवाडीच्या रुळांवर मी होतो. गोळीबार झाला, आमची माणसं गेली. त्या आंदोलनात आम्ही म्हणत होतो, "भीक नको, हवे घामाचे दाम." शेतकरी संघटना काढणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले होते. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा हिशोब शिकवला, की सरकार शेतकऱ्याला मदत देत नाही, उलट वजा करतं. जागतिक व्यापार खुला करायच्या डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध चालला होता तेव्हा आमच्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला. लोक आम्हाला परदेशाचे हस्तक म्हणाले. आमचं म्हणणं साधं होतं: दरवाजा उघडा ठेवा, बाकी आमचं आम्ही बघू.

तू मोबदला मागशील, सरकार समिती नेमेल, अर्ज ऑनलाइन भरायला सांगेल, सातबाऱ्यावर पीकपेरा नाही म्हणून तुझ्या अण्णांचं नाव गळेल. आणि बंदी घालायचा त्यांचा हक्क तू कायमचा मान्य करून बसशील. नाफेडचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये २४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन घेऊ म्हणाले आणि ते शेतकऱ्यासाठी असं सांगितलं. तोच साठा पुढे भाव वाढला की बाजारात ओतायचा असतो. ज्या कांद्याला आज भाव दिला तोच उद्या आमचा भाव पाडायला येतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरला नेला आणि खर्च वजा जाता हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. तेव्हा कुठल्या खात्याने रात्रीतून अधिसूचना काढली? भाव चढला की सरकार रात्री जागं असतं. भाव पडला की बाजार आपोआप ठरवतो म्हणतं. माझी लढाई या दुटप्पीपणाशी आहे.


घटना_वाचक | रविवार, दुपारी २.०५

कायद्याच्या बाजूने एक-दोन गोष्टी. शेती हा राज्यसूचीतला विषय, नोंद १४. परदेशाशी व्यापार आणि सीमेवरची आयात-निर्यात केंद्रसूचीत, नोंद ४१. म्हणजे पीक काढेपर्यंत शेतकरी मुंबईचा आणि ते बंदराकडे निघालं की दिल्लीचा. आमदाराकडे गेलं तर तो म्हणतो माझ्या हातात नाही, आणि ते खरं असतं.

निर्यातबंदीचा अधिकार १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. अधिसूचना राजपत्रात आली की लागू. संसदेची आधी संमती लागत नाही. आता ७ डिसेंबर २०२३ ही तारीख बघा. लोकसभेचं हिवाळी अधिवेशन ४ तारखेलाच सुरू झालं होतं. आपल्या विधिमंडळाचं नागपूर अधिवेशन नेमकं ७ तारखेला सुरू झालं. दोन्ही सभागृहं भरलेली असताना हा निर्णय कुठल्याच सभागृहात आधी बोलला गेला नाही.

२०२० तर जास्त बोलकं आहे. कांदा, बटाटा, डाळी हे एरवी जीवनावश्यक वस्तूंच्या बंधनातून मोकळे करणारं दुरुस्ती विधेयक लोकसभेने १५ सप्टेंबर २०२० ला संमत केलं. निर्यातबंदी १४ सप्टेंबरची. एका हाताने शेतकऱ्याला मोकळं करत असताना दुसऱ्या हाताने दार लावलं. पुढे कृषी कायदे मागे घेतले गेले तेव्हा ती दुरुस्तीही गेली, पण त्यावर शेतकऱ्यांचा विश्वास त्या सोमवारीच उडाला होता, असं माझं मत आहे.

माझ्या मते मधला रस्ता निघू शकतो. सरकारकडे अधिकार राहू दे, पण किती भाव चढला की कोणतं पाऊल, हे आधी छापलेलं असावं. विकून झालेल्या मालाला, फक्त जहाजावर चढलेल्या नव्हे, सूट असावी. आणि बंदीला संपायची तारीख असावी जी सभागृहात चर्चा न होता पुढे ढकलता येणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ३१ तारीख यायच्या आतच बंदी बेमुदत केली गेली, तेव्हा आचारसंहिता लागलेली होती.


गिरणगावकर | रविवार, दुपारी ३.३०

विकून झालेल्या मालाला सूट, हे मला मान्य. उरणच्या मित्राने लिहिलेलं वाचून काल झोपताना तेच डोक्यात होतं. साठेबाजाबद्दलचा माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. लासलगावात शेतकरी हजारो आणि मोठे खरेदीदार किती, हे एकदा कोणीतरी इथे लिहावं. शेतकऱ्याला क्विंटलला बाराशे, म्हणजे किलोला बारा मिळत होते तेव्हा परळला किलोचे तीस कसे, मधले अठरा कोणाचे?


उरणचा_वारा | रविवार, दुपारी ४.००

प्रश्न रास्त आहे. गोणी, निवड, घट, हमाली, गाडीभाडं, वाशीतली आडत, मग किरकोळवाला. प्रत्येक हाताला कांदा थोडा सडतो आणि थोडा महागतो. मधल्यांचा फायदा आहेच. बंदीने मात्र तो कमी होत नाही. माल तुंबला की उलट खरेदीदाराचं बळ वाढतं, कारण त्या दिवशी विकणाऱ्याला थांबता येत नाही.


मालेगाव_रोड | रविवार, सायंकाळी ६.१५

राजकारणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ११ डिसेंबर २०२३ ला चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर आम्ही बसलो होतो, शरद पवार आले होते. नंतर ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. आमच्याकडे लोकसभेचं मतदान २० मेला. त्याच्या पाच दिवस आधी पिंपळगावला पंतप्रधानांची सभा झाली, त्यात एक पोरगा उठून कांद्यावर बोला म्हणून ओरडला. दिंडोरीत केंद्रीय मंत्री भारती पवार हरल्या, नाशिक आणि धुळ्यातही सत्ताधारी युतीचे उमेदवार पडले. विधानसभेच्या तोंडावर, १३ सप्टेंबरला शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि किमान मूल्य काढलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य.

मतपेटीने दार उघडलं हे खरं. पण दार उघडलं तेव्हा बाहेर गिऱ्हाईक कमी झालं होतं. २०२२-२३ ला देशातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता, २०२३-२४ ला १७ लाखांवर आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी घसरला. यंदा उन्हाळ कांदा चाळीत पडून, भाव हजार-बाराशे. आता बंदीही नाही, शुल्कही नाही, मग कोणाच्या विरोधात रस्त्यावर बसायचं?


सीमापार | रविवार, रात्री ८.२०

गिऱ्हाईक कमी झालं त्याचं एक कारण पलीकडे, बांगलादेशात आहे. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना यांचं सरकार गेलं. नव्या व्यवस्थेने पाकिस्तान, चीन, इजिप्त असे पर्याय उघडपणे धरले. शिवाय पाबना आणि फरीदपूर या तिथल्या कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यांतला शेतकरी. तिथे कांदा निघाला की ढाका आयातीचे परवाने थांबवतो, स्वतःच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. आपण बंदी घालतो ती खाणाऱ्यासाठी, ते बंदी घालतात ती पिकवणाऱ्यासाठी. वारंवार हात पोळल्यावर त्यांनी घरचं पीक वाढवायला घेतलं, यात त्यांची चूक मला दिसत नाही.


लागणीवाली | रविवार, रात्री ९.५०

मी सुरगाण्याकडची. बारावी झाले आहे. आमची टोळी निफाड, येवल्याला कांदे लावायला येती. सगळं वाचलं. सगळे हुशार लोक आहेत, पण आमचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कांद्याची लागण उक्ती असते, एकरावर. पहाटे सहाला वाफ्यात पाणी सोडलेलं असतं, थंडीत त्या गाऱ्यात पाय घालून वाकून बसायचं. एका हातात रोपाची जुडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक रोप दाबायचं. संध्याकाळी अंगठ्याचं नख काळं पडतं, कंबर सरळ होत नाही. त्या डिसेंबरला आम्ही येवल्याजवळ होतो. बंदी आली आणि चौथ्या दिवशी मालक म्हणाला, राहिलेल्या दोन एकरांत कांदा नको, हरभरा टाकतो. त्याचं चूक नव्हतं. पण आमचं सहा दिवसांचं काम गेलं. उचल घेतलेली होती ती अंगावर राहिली.

ताईंच्या वहीत आमची मजुरी कुठल्या रकान्यात आहे? मोबदला द्यायचा असेल तर पट्टी ज्याच्या नावाची त्याला मिळणार. आमच्या नावाची पट्टी नसते.


निफाडची_लेक | सोमवार, रात्री ८.४५

लागणीवाली ताई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि लगेच वही काढली. मजुरी "खर्च" या रकान्यात आहे. "लागण, १४ बाया" एवढंच. नावं नाहीत. मला ते आजवर कधी खटकलं नव्हतं. तुमच्या प्रश्नाला आज माझ्याकडे उत्तर नाही. माझी मोबदल्याची मागणी अपुरी होती, हे मात्र मान्य करते.

आज अण्णांना फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला, पाऊण तास. लाल बिल्ल्यांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, खेरवाडीला त्यांचे थोरले भाऊही होते. खानावळीचं ऐकून म्हणाले, त्या बाईचं बरोबर आहे, तिला स्वस्त मिळायला पाहिजे. मालदीवला दिला ते बरं केलं म्हणाले. मग मी विचारलं, तुम्हाला नक्की काय हवंय, मी लिहिते.

ते म्हणाले, "लिही की उळं टाकायच्या आधी सांगा. बंदी घालायची असेल तर घाला, पण गणपतीच्या आसपास सांगा, म्हणजे किती रोप करायचं ते मला ठरवता येईल. कांदा ट्रॉलीत भरल्यावर सांगू नका."

यंदा त्यांनी लाल कांदा एकरभरच लावलाय, बाकी मका. उन्हाळचं बियाणं घरचंच आहे, डोंगळे धरले होते. डब्यात भरून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही. दोन एकरांचं टाकायचं की चार, ते दसऱ्यानंतर बघू म्हणाले.


लागणीवाली | सोमवार, रात्री ९.३०

ताई, अण्णांना सांगा चार एकरांचं ठरलं तर आधी कळवा. आम्ही बारा जणी आहोत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोकळ्या. आणि या वेळी वहीत आमची नावं लिहा. मी सांगेन एकेकीचं.